थकवा मोजायचा कसा? आरोग्य संशोधनात नवी स्केल तयार करणाऱ्यांसाठी

रक्तदाबाला यंत्र आहे, हिमोग्लोबिनला प्रयोगशाळा आहे. थकवा, वेदना, भीती, औषधावरचा विश्वास यांना तसं काही नाही. तिथे माणसालाच विचारावं लागतं, आणि त्यासाठीची गुण देणारी प्रश्नावली म्हणजे स्केल. मग एका बैठकीत वीस प्रश्न लिहिले जातात, शंभर जणांकडून भरून घेतले जातात, सॉफ्टवेअर क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.८३ दाखवतं आणि प्रबंधात वाक्य पडतं: 'ही स्केल प्रमाणित करण्यात आली.' परीक्षक एवढंच विचारतात, 'ही थकवाच मोजते कशावरून?' आणि उत्तर नसतं.

मी या सगळ्यातून गेले आहे, आणि माझं मत सरळ आहे: स्केल चांगली होणार की नाही हे डेटा गोळा करण्याआधीच बहुतेक ठरलेलं असतं. त्यामुळे पुढचे पहिले पाच टप्पे कंटाळवाणे वाटले तरी उड्या मारून थेट आकडेमोडीकडे जाऊ नका. सगळीकडे एकच उदाहरण घेते: हिमोडायलिसिसवर (मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर) असलेल्या प्रौढ रुग्णांचा थकवा.

१. आधी खात्री करा, नवी स्केल लागतेच का?

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या डेटाबेसवर तुमची संकल्पना, रुग्णगट आणि 'प्रश्नावली'साठीचे पर्यायी शब्द घालून शोधा. कॉस्मिन या आंतरराष्ट्रीय गटाने आरोग्य स्केलच्या गुणवत्तेवरच्या पद्धतशीर आढाव्यांचा डेटाबेस ठेवला आहे, तोही पाहा. बऱ्याचदा बरी स्केल सापडते आणि तुमचं काम निर्मितीचं न राहता अनुवाद आणि पडताळणीचं होतं. यात कमीपणा काही नाही. एकाच गोष्टीच्या दहा अर्धवट स्केल असण्यापेक्षा एक नीट तपासलेली असणं केव्हाही बरं.

मात्र परवानगी लेखी घ्या, आणि आधी घ्या. स्मरण आणि आकलनशक्तीची चाचणी एमएमएसई १९७५ साली प्रसिद्ध झाली, वर्षानुवर्षं लोकांनी ती बिनधास्त छापली, पुढे तिच्यावरचा कॉपीराइट लागू करण्यात आला आणि वापराला शुल्क आलं. नैराश्याची पीएचक्यू-९ मात्र मोफत आहे. 'वापरायला मोफत' आणि 'अनुवाद करायला मोकळी' या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे मेल लिहिताना लक्षात ठेवा.

अनुवादाचा रूढ क्रम असा: दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ घालून एक मसुदा, मूळ स्केल न पाहिलेल्या व्यक्तींकडून उलट अनुवाद, तज्ज्ञांच्या बैठकीत निर्णय, आणि मग ३० ते ४० जणांवर चाचणी. उलट अनुवाद मूळ मजकुराशी तंतोतंत जुळला म्हणून लगेच खूश होऊ नका. शब्दाला शब्द ठेवलेला अवघड अनुवादही परत जाताना छान जुळतो. रुग्णाला तो कळतो का, हे शेवटच्या चाचणीतच समजतं.

२. काय मोजायचं ते एका परिच्छेदात लिहा

हा परिच्छेद जमत नसेल तर पुढे जाऊ नका. त्यात चार गोष्टी हव्यात: संकल्पनेची व्याख्या, तिच्या हद्दी, ती कोणासाठी आहे, आणि गुणांचा उपयोग काय होणार.

हद्दी सर्वांत महत्त्वाच्या. थकवा म्हणजे झोप येणं नाही, धाप लागणं नाही, स्नायूंची अशक्तता नाही आणि उदासीही नाही, पण या चौघांना लागून आहे. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे आज ठरवलं नाही, तर फॅक्टर ॲनालिसिसमध्ये (कोणती उत्तरं एकत्र हलतात हे पाहून गट पाडणाऱ्या गणितात) ते तुमच्यासाठी सॉफ्टवेअर ठरवेल आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

उपयोगाचंही तसंच. जास्त थकलेले आणि कमी थकलेले रुग्ण वेगळे ओळखायचे आहेत, की उपचारानंतर एकाच रुग्णात झालेला बदल टिपायचा आहे? बदल टिपायचा असेल तर जे कधी बदलतच नाही असं विधान (म्हणजे स्केलमधलं एक वाक्य) निरुपयोगी, मग ते कितीही 'खरं' असो.

इथेच आणखी एक प्रश्न सोडवून टाका, कारण पुस्तकं तो उशिरा काढतात. तुमची विधानं संकल्पनेची लक्षणं आहेत, की तीच मिळून संकल्पना बनते? थकवा असला की 'अंगात त्राण नसतं' आणि 'सुरू केलेलं काम अर्धवट राहतं' ही दोन्ही विधानं एकत्र वर जातात. ती लक्षणं आहेत. उलट उदाहरण अपगार गुणांचं. नवजात बाळासाठी व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेप आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण मिळतात. त्या पाच गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असल्याच पाहिजेत असं नाही. त्या मिळून बाळाची अवस्था सांगतात. अशा दुसऱ्या प्रकारच्या स्केलला अल्फा काढणं किंवा फॅक्टर ॲनालिसिस लावणं निरर्थक असतं. अल्फा कमी आला म्हणून त्यातलं एक लक्षण वगळणं तर घातकच.

३. रुग्णांशी बोला, आणि त्यांचेच शब्द टिपून घ्या

विधानं तीन ठिकाणांहून येतात: आधीचं साहित्य, उपचार करणारी मंडळी आणि रुग्ण. पहिल्या दोघांवर भागवायचा मोह होतो, कारण ते टेबलावर बसून जमतं. पण डॉक्टर थकव्याबद्दल 'कार्यक्षमता कमी होणे' असं बोलतात. रुग्ण सांगतो, 'मशीनवरून उठल्यावर तो दिवस गेलाच.' दुसऱ्या वाक्यात एक अख्खा घटक दडलेला आहे: डायलिसिसनंतर सावरायला लागणारा वेळ. तो टेबलावर सुचत नाही.

मुलाखतींसाठी माणसं मुद्दाम वेगवेगळी निवडा: तरुण आणि वृद्ध, उपचार नुकताच सुरू झालेले आणि वर्षानुवर्षं घेणारे, नोकरी करणारे आणि घरी असणारे. नवीन मुद्दा येईनासा झाला की थांबा, आणि तो येईनासा झाला हे दाखवणारा तक्ता जपून ठेवा. प्रत्येक विधान कोणत्या मुलाखतीतून आलं याची नोंदही त्यातच असू द्या.

शेवटी जेवढी विधानं हवीत त्याच्या निदान दुप्पट, जमल्यास तिप्पट लिहा. पुढे गळती भरपूर होते.

४. विधानं लिहिणं

या टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो आणि बहुतेक दोष इथेच जन्मतात. काही ठरलेल्या जागा:

'मला थकल्यासारखं आणि उदास वाटतं.' यात दोन प्रश्न आहेत. थकलेल्या पण उदास नसलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं? 'आणि', 'किंवा', 'तसंच' दिसलं की विधान फोडा.

'डायलिसिसमुळे मला थकवा येतो.' यात तुम्ही कारण रुग्णाच्या तोंडी घातलंत. थकवा कशामुळे आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही; मधुमेह असेल, झोप झाली नसेल. थकवा विचारा, कारण विचारू नका.

'थकव्यामुळे मला कामावर जाता येत नाही.' निवृत्त माणूस इथे 'कधीच नाही' लिहितो आणि त्याचे गुण कमी पडतात. थकवा मात्र तेवढाच असतो. 'घरकाम'सारख्या शब्दाचंही तेच होतं.

'मी थकलेला नसतो असं क्वचितच होतं.' वाचणाऱ्यालाच थकवा येईल. साधी नकारार्थी विधानंही जपून वापरा. लोक डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करत जातात, त्यावर उपाय म्हणून निम्मी विधानं उलटी लिहायची जुनी पद्धत आहे. तिची किंमत मोजावी लागते. रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या स्वाभिमान स्केलमध्ये दहापैकी पाच विधानं उलटी आहेत, आणि ती स्केल एक गोष्ट मोजते की दोन, यावर अनेक वर्षं वाद झाला. दुसरा 'घटक' बऱ्याच अंशी वाक्यरचनेतून आलेला दिसतो. मी स्वतः उलटी विधानं टाळते.

मराठीत लिहिताना 'थकलेला/थकलेली' असे तिरके दांडे टाळायचे असतील तर 'मला थकवा जाणवतो' अशी रचना करा. वाचायलाही सोपं जातं.

मग उत्तरांचे पर्याय. विधान 'किती वेळा' विचारतं की 'किती तीव्र' हे ठरवा आणि पर्याय त्याच भाषेत ठेवा. पाच पर्याय बहुतेक ठिकाणी पुरतात. सातच्या पुढे बहुतेकांना फरक करणं अवघड जातं. कालावधी विधानांच्या आधी ठळक लिहा. आमच्या उदाहरणात 'आज' चालणार नाही: हिमोडायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा होतं, आणि मशीनच्या दिवशीचा थकवा इतर दिवशीपेक्षा वेगळा असतो. 'गेल्या ७ दिवसांत' म्हटलं की दोन्ही प्रकारचे दिवस त्यात येतात.

५. आधी तज्ज्ञ, मग पुन्हा रुग्ण

तज्ज्ञांना प्रत्येक विधान किती समर्पक आहे ते १ ते ४ अशा श्रेणीत विचारतात. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या विधानाचा आशयवैधता (विधान संकल्पनेला नेमकं धरतं का) निर्देशांक. पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर सर्वांचं एकमत हवं. सहा किंवा जास्त असतील तर ०.७८ ची पातळी धरतात. म्हणजे सहापैकी पाच तरी. तज्ज्ञांना शेवटी एक मोकळा प्रश्न जरूर विचारा: काय राहिलं? आकड्यापेक्षा त्याचं उत्तर जास्त कामाला येतं. आणि सगळे तज्ज्ञ तुमच्याच विभागातले नकोत. ते भिडेखातर चारच देतात.

यानंतरची पायरी प्रबंधांमध्ये हमखास गायब असते: आकलन मुलाखत. रुग्णाला विधान वाचायला द्या आणि मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगा. मग विचारा: हे तुमच्या शब्दांत सांगा, 'बऱ्याचदा' म्हणजे तुमच्या मते आठवड्यातून किती वेळा, हे उत्तर का निवडलंत? 'लवकर दमायला होतं' वाचून निम्मे लोक धाप लागण्याबद्दल बोलत असतील, तर ते विधान तुमच्या हद्दीबाहेर गेलं. बदल करा आणि नव्या माणसांवर पुन्हा तपासा. पाच-सहा जणांच्या दोन-तीन फेऱ्यांत बरंच काही बाहेर येतं. कॉस्मिनच्या दृष्टीने आशयवैधता हा स्केलचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म आहे, आणि तिचा कणा ही पायरीच आहे.

६. मैदानात उतरण्यापूर्वी हाताशी काय हवं

- एथिक्स कमिटीची मंजुरी. मुलाखती, चाचणी आणि मुख्य पाहणी हे तिन्ही भाग एकाच अर्जात मांडा
- संमतिपत्र आणि माहितीपत्रक, रुग्णाच्या भाषेत
- दुसऱ्या स्केल वापरणार असाल तर त्यांच्या परवानगीचे मेल
- विधानांचा इतिहास: मूळ, बदल, कारण, तारीख
- नवव्या टप्प्यात सांगितलेली गृहीतकं, तारखेसह लिहून ठेवलेली
- सॉफ्टवेअर: जामोवी किंवा जास्प मोफत आहेत आणि माउसने चालतात; 'आर' ही संगणकभाषा येत असेल तर साइक आणि लावान ही पॅकेजेस

नमुन्याचा आकार: विधानामागे ५ ते १० माणसं हा ढोबळ नियम सगळे सांगतात. २० विधानांना १०० ते २०० माणसं झाली. पण पुढच्या टप्प्यात नमुना दोन भागांत वाटावा लागणार असेल, तर हा हिशेब प्रत्येक भागाला लावा. स्केल स्वतः भरली की कोणी वाचून दाखवली, हेही नोंदवा. नंतर आठवत नाही.

७. रचना: फॅक्टर ॲनालिसिस

आधी साधे तक्ते पाहा. एखाद्या विधानाला जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असेल तर ते काही सांगत नाही. एकूण गुणांत १५ टक्क्यांहून जास्त लोक अगदी तळाला किंवा अगदी टोकाला अडकले असतील तर तो तळपरिणाम किंवा छतपरिणाम. त्या लोकांमधला फरक आणि पुढचा बदल स्केलला दिसणार नाही. विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध ०.३ पेक्षा कमी असेल तर संशय घ्या. संशय घ्या एवढंच, लगेच काढू नका.

डेटा या विश्लेषणाला योग्य आहे का हे दोन तपासण्या सांगतात: केएमओ ०.६ च्या वर आणि बार्टलेट चाचणी लक्षणीय असेल तर पुढे जा. आता मुख्य सापळा. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता बटण दाबलं तर प्रिन्सिपल कंपोनंट्स (माहिती फक्त थोडक्यात आटोपणारी पद्धत) चालतं आणि आयगेन मूल्य (घटक किती माहिती पकडतो याचा आकडा) १ पेक्षा मोठं असलेले सगळे घटक घेतले जातात. वर सवयीने व्हेरिमॅक्स रोटेशन (घटक वाचायला सोपे करणारी फिरवाफिरव) निवडलं जातं. तिन्ही निवडी तुमच्या कामाला गैरलागू असू शकतात. तुम्हाला दडलेली संकल्पना शोधायची आहे, म्हणून कॉमन फॅक्टर पद्धत घ्या. घटकांची संख्या हॉर्न यांच्या १९६५ च्या समांतर विश्लेषणाने (यादृच्छिक डेटाशी तुलना करून) ठरवा. १ चा नियम गरजेपेक्षा जास्त घटक काढून देतो. आणि व्हेरिमॅक्स घटकांना एकमेकांशी असंबंधित मानतं. शारीरिक थकवा आणि मानसिक थकवा असंबंधित असतील, हे कोण मानेल? घटकांमध्ये संबंध राहू देणारं ऑब्लिमिन किंवा प्रोमॅक्स घ्या. पर्याय चार-पाचच असतील तर क्रमवार पर्यायांसाठीचे पॉलिकोरिक सहसंबंध वापरा.

वरच्या शोधक विश्लेषणातून मिळालेली रचना त्याच डेटावर 'सिद्ध' करणं म्हणजे उत्तरपत्रिका पाहून परीक्षा देणं. ठरलेली रचना तपासणारं पुष्टीकारक विश्लेषण वेगळ्या नमुन्यावर करा. मॉडेल डेटाला किती बसतं हे तीन आकडे सांगतात: सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या आसपास किंवा खाली, हे १९९९ पासून सर्वत्र उद्धृत होणारे आकडे आहेत; ते कायद्याची कलमं नव्हेत. मॉडेल बसवण्यासाठी सॉफ्टवेअर सुचवेल ते सगळे बाण (जादा संबंध) जोडत जाऊ नका. आणि विधान काढताना दर वेळी दुसऱ्या टप्प्यातला परिच्छेद समोर ठेवा: आकड्यासाठी व्याख्येचा एखादा कोपरा उघडा पडतोय का?

८. विश्वसनीयता: अल्फाच्या पलीकडे

क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ धरा. ५ विधानांचा अल्फा ०.५६ येतो, १० विधानांचा ०.७१, आणि २० विधानांचा ०.८३. विधानं तितकीच विस्कळीत, फक्त जास्त. सुरुवातीच्या प्रबंधातला ०.८३ असाही येऊ शकतो. त्यामुळे अल्फा उपघटकनिहाय द्या, सोबत ओमेगा (विश्वसनीयतेचाच, पण कमी अटींचा आकडा) द्या, आणि 'अल्फा चांगला म्हणजे स्केल एकच गोष्ट मोजते' असं कुठेही लिहू नका. ०.९५ च्या वर गेला तर एकच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला आहे का ते तपासा.

पुनर्चाचणी (त्याच लोकांकडून स्केल पुन्हा भरून घेणं) साधारण दोन आठवड्यांनी करतात: उत्तरं विसरली जावीत, पण अवस्था बदलू नये. किमान ५० माणसं घ्या. दुसऱ्या वेळी 'तुमचा थकवा तेव्हासारखाच आहे का?' हा एक प्रश्न जोडा आणि 'तसाच आहे' म्हणणाऱ्यांचंच विश्लेषण करा. आमच्या उदाहरणात दोन्ही वेळा डायलिसिसच्या वेळापत्रकातला तोच वार ठेवावा लागतो. एकदा मशीनआधी आणि एकदा मशीननंतर भरून घेतलं तर स्केल अस्थिर दिसेल आणि दोष तिचा नसेल.

इथे पिअरसनचा सहसंबंध देऊ नका. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण नेमके ५ ने वाढले तरी पिअरसन १ च येतो. आयसीसी (दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्षात किती जुळतात याचा आकडा) द्या, आणि तोही संपूर्ण सहमतीचा. गटांच्या तुलनेसाठी ०.७० चालतो, एका रुग्णाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० तरी हवा.

आयसीसीवर थांबू नका, मोजमापातली प्रमाणित त्रुटी काढा: प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत) गुणिले (१ वजा आयसीसी)चं वर्गमूळ. विचलन १० आणि आयसीसी ०.८४ असेल तर त्रुटी ४ गुण. तिला १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने गुणलं की सुमारे ११ येतात. म्हणजे एका रुग्णाचे गुण ८ ने सुधारले, तर ती सुधारणा आहे की मोजमापाचा चढउतार, हे सांगता येणार नाही. दवाखान्यात स्केल वापरणाऱ्याला हा आकडा अल्फापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, आणि तो काढायला वेगळा डेटा लागत नाही.

९. वैधता: आधी भाकीत, मग आकडे

थकव्याला सुवर्णमानक (तुलनेसाठी सर्वमान्य अचूक माप) नाही, त्यामुळे 'निकषवैधता तपासली' असं लिहू नका. करता येतं ते गृहीतकांची चाचणी. डेटा पाहण्याआधी, दिशा आणि प्रमाण दोन्हींसह लिहून ठेवा. उदाहरणार्थ: दुसऱ्या थकवा स्केलशी सहसंबंध ०.६ पेक्षा जास्त. झोपेच्या स्केलशी ०.३ ते ०.५, हिमोग्लोबिनशी उणे आणि ०.३ च्या आत. चालायला आधार लागणाऱ्यांचे गुण इतरांपेक्षा निदान अर्ध्या प्रमाण विचलनाने जास्त. यातली पाऊणएक खरी ठरली तर कॉस्मिनच्या निकषाने निकाल समाधानकारक. मोठ्या नमुन्यात ०.१५ चा सहसंबंधही 'लक्षणीय' निघतो. हे 'लक्षणीय' ठरवणारं पी मूल्य वैधतेचा पुरावा नाही.

तुलनेची स्केल निवडताना तिची विधानं वाचा. थकवा नैराश्यापेक्षा वेगळा आहे हे दाखवायला पीएचक्यू-९ घेतलीत तर तिचं चौथं विधान थकव्याबद्दलच आहे. सहसंबंध तिथूनच फुगतो. ते विधान वगळून दुसऱ्यांदा काढा आणि दोन्ही आकडे द्या.

स्त्री आणि पुरुष, तरुण आणि वृद्ध यांची तुलना होणार असेल तर स्केल दोन्ही गटांत सारखीच चालते का, हे मापन समानतेच्या चाचणीने पाहा. नमुना लहान असेल तर हे पुढच्या अभ्यासावर सोडा आणि तसं मर्यादांमध्ये लिहा. रुग्णाला जाणवेल असा किमान बदल किती, हाही वेगळा, वेळ घेणारा अभ्यास आहे. एका प्रबंधात सगळं बसत नाही.

शोधनिबंधात 'ही स्केल वैध आहे' असं लिहिण्यापेक्षा कोणत्या रुग्णांत, कोणत्या उपयोगासाठी, काय पुरावा मिळाला ते लिहा. हिमोडायलिसिसवर तपासलेली स्केल पेरिटोनिअल (पोटातून होणाऱ्या) डायलिसिसवर आपोआप लागू होत नाही.

१०. स्केलसोबत द्यायचं पान

विधानं आणि पर्याय जसेच्या तसे, भरण्याच्या सूचना, गुण कसे मोजायचे, जास्त गुण म्हणजे जास्त थकवा की कमी, किती विधानं रिकामी राहिली तर बेरीज करायची नाही, स्वतः भरायला किती वेळ लागतो, आवृत्ती क्रमांक आणि वापराच्या अटी. हे सगळं शोधनिबंधाच्या परिशिष्टात जाऊ द्या. अटींमध्ये अनुवादाबद्दल स्वतंत्र ओळ असू द्या आणि परवानगी मागायचा पत्ता संस्थेच्या विभागाचा द्या. विद्यार्थ्याचा महाविद्यालयीन मेल पदवी मिळाली की बंद पडतो.